बुडबुडे मेंदूत जातात का? हो, जातात

तुम्ही लिहिलंय त्याचा गाभा असा. बाबांचं वय ६८. साध्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. क्रिएटिनिन २.६ आहे, म्हणजे किडनी नीट चालत नाही, म्हणून डॉक्टर सीटीची डाय द्यायला कचरताहेत आणि त्यांनी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, म्हणजे शिरेत सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन करायची सोनोग्राफी, सुचवली आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांचं तोंड एकाएकी वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला आणि तासाभरात सगळं पूर्ववत झालं. आता तुम्ही वाचलंत की या इंजेक्शनातले बुडबुडे मेंदूभोवतीची संरक्षक भिंत उघडतात. म्हणून विचारताय की हे इंजेक्शन घ्यावं का, बाबांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होईल का, ते मेंदूत साठून तर राहणार नाही ना.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफीत बावीस वर्षं गेली, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं हे इंजेक्शन स्वतः वापरतोय. बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असा निकाल माझ्याकडून मिळणार नाही. पण कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, एवढं नक्की सांगता येईल.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. बुडबुडा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकून पुन्हा झटका येईल, ही पहिली. ती भिंत उघडेल, ही दुसरी. काहीतरी साठून राहील, ही तिसरी, आणि माझ्या अंदाजाने ती एमआरआयच्या डायबद्दलच्या बातम्यांमधून आली आहे. चौथी भीती तुमच्या मनात नाहीच, आणि मला खरी काळजी तिचीच असते. तिच्याकडे नंतर येतो.

आधी इंजेक्शनात काय असतं ते पाहू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोनोव्ह्यू नावाचं औषध वापरतात. छोट्या बाटलीत पांढरी पावडर असते आणि वर वायू भरलेला असतो. त्यात पाच मिली सलाईन घालून वीस सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं द्रावण तयार होतं. हे दूध म्हणजे चरबीच्या पातळ कवचात कोंडलेले वायूचे बुडबुडे. त्यांचा सरासरी व्यास अडीच मायक्रॉनच्या आसपास असतो. रक्तातली लाल पेशी सात-साडेसात मायक्रॉनची, म्हणजे बुडबुडा तिच्या एक तृतीयांश. वायू आहे सल्फर हेक्झाफ्लोराइड. वीज मंडळात नोकरी केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा, सबस्टेशनमधल्या एसएफ-सिक्स ब्रेकरमध्ये तोच वायू असतो. नाव ऐकून धसका घेऊ नका. हा वायू शरीरात कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, रक्तात जवळजवळ विरघळत नाही, आणि त्याच गुणामुळे त्याची निवड झाली. हवेचा एवढा लहान बुडबुडा रक्तात काही क्षणांत विरून जातो. हा काही मिनिटं टिकतो, आणि तेवढा वेळ आम्हाला पुरतो.

आता पहिली भीती. बुडबुडे मेंदूत जातात का? हो, जातात. प्रत्येकाच्या जातात. हे ऐकून नातेवाईक दचकतात, म्हणून बरेच डॉक्टर सांगायचं टाळतात. मला ते पटत नाही, कारण खरं उत्तरच जास्त धीर देणारं आहे. हाताच्या शिरेत दिलेलं इंजेक्शन हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून फुप्फुसात, मग डाव्या बाजूला आणि तिथून महाधमनीत. तिथून निघालेल्या रक्तातलं सुमारे १५ टक्के रक्त मेंदूकडे वळतं. लिव्हरच्या धमनीत बुडबुडे दिसायला दहा ते वीस सेकंद लागतात, आणि मेंदूतही ते त्याच सुमाराला पोचतात. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांची चाळणी पार करता यावी म्हणून तर त्यांना एवढं बारीक केलंय. ती चाळणी जे पार करतात ते मेंदूच्या केशवाहिन्यांतूनही पार होतात. जे थोडेफार मोठे असतात ते फुप्फुसातच अडतात आणि तिथेच वायू श्वासावाटे निघून जातो.

वायू किती, हेही मोजून पाहू. तयार द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये आठ मायक्रोलिटर वायू असतो. लिव्हरसाठी नेहमीचा डोस २.४ मिली, म्हणजे सगळा मिळून सुमारे १९ मायक्रोलिटर. डोळ्यात घालायच्या औषधाचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. त्या थेंबाच्या निम्म्याहून कमी वायू, आणि तोही कोट्यवधी बुडबुड्यांत वाटलेला. त्याचा १५ टक्के भाग मेंदूतून पहिल्या फेरीत जातो, म्हणजे तीनेक मायक्रोलिटर. नर्सने सलाईन लावताना नळीत राहिलेला हवेचा जो बुडबुडा पाहून आपण घाबरतो, तो याच्या कित्येक पट मोठा असतो.

मग हृदयातल्या भोकाचं काय? चार माणसांतल्या एकाच्या हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधला जन्माआधीचा झडपेसारखा मार्ग पूर्ण बुजलेला नसतो. बाबांना झटका आला तेव्हा कदाचित त्यासाठीच बबल टेस्ट केली असेल. सुरुवातीला या औषधांच्या माहितीपत्रकात अशा रुग्णांना देऊ नये असं लिहिलेलं असायचं. भीती ही की फुप्फुसाची चाळणी टाळून मोठे बुडबुडे थेट मेंदूकडे जातील. पण चारातल्या एकाला हा मार्ग उघडा असेल, तर आजवर ज्यांना हे इंजेक्शन दिलं त्यांच्यात असे लाखो लोक असणारच, आणि त्यांच्यात झटक्यांची लाट काही आली नाही. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, ती बंदी काढून टाकली.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बबल टेस्टमध्ये वापरतात ते बुडबुडे हे नव्हेत. तिथे सलाईन आणि थोडी हवा दोन सिरिंजमध्ये पुढे-मागे घुसळून फेस करतात. तो फेस मोठ्या, ओबडधोबड बुडबुड्यांचा असतो आणि तो फुप्फुस पार करत नाही, हीच त्या तपासणीची युक्ती. त्या फेसानंतर मेंदूची तात्पुरती लक्षणं दिसल्याच्या तुरळक नोंदी आहेत. 'बबल' हा एकच शब्द दोन्हीकडे आल्यामुळे गल्लत होते.

दुसरी भीती सगळ्यांत रंजक आहे, आणि तुम्ही वाचलेलं खोटं नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरूच शकत नाहीत. संरक्षण म्हणून हे उत्तम, पण मेंदूत गाठ असेल तर पंचाईत. केमोथेरपीचं औषध रक्तात फिरत राहतं आणि गाठीपर्यंत पुरेसं पोचत नाही. २००१ साली कुलेर्वो हायनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवर दाखवलं की रक्तात सूक्ष्म बुडबुडे असताना मेंदूच्या एका ठिकाणी ध्वनिलहरी केंद्रित केल्या, तर तेवढ्याच जागेची शिवण काही तास सैल होते. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात हे पहिल्यांदा माणसात केलं गेलं, डोक्याला छेद न देता, मेंदूच्या गाठीपर्यंत केमोथेरपी पोचावी म्हणून. २०१८ मध्ये तिथल्याच गटाने अल्झायमरच्या रुग्णांवरचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. २०२४ च्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियाच्या डॉक्टरांनी तीन अल्झायमर रुग्णांमध्ये अ‍ॅड्युकॅनुमॅब या औषधासोबत भिंत उघडल्याचं सांगितलं, आणि बातम्या जगभर गेल्या. तुमच्यापर्यंत पोचलेलं वाक्य बहुधा याच घराण्यातलं आहे.

आता हे कसं करतात ते ऐका. रुग्णाचं डोकं भादरतात, चौकटीत घट्ट बसवतात, एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवतात. डोक्यावर शिरस्त्राणासारखं यंत्र असतं, त्यात १०२४ ध्वनिस्रोत असतात, आणि कवटीच्या जाडीचा हिशोब करून प्रत्येकाची वेळ अशी जुळवतात की सगळ्या लहरी तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जागी येऊन भेटाव्यात. वारंवारता २२० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन लाख वीस हजार कंपनं. आम्ही लिव्हरसाठी वापरतो ती साधारण तीन मेगाहर्ट्झ, तीस लाख. वारंवारता जितकी कमी तितकी ती हाडातून जास्त पार होते आणि बुडबुड्याला जास्त हिसके बसतात. मिनिट-दीड मिनिट एका जागेवर धरून ठेवल्यावर शिवण सैल होते आणि २४ तासांत पुन्हा बंद होते. एवढा खटाटोप करून, ठरवून, मोजून ती भिंत उघडावी लागते. वाटेने जाता जाता ती उघडत नाही.

बुडबुड्याचं हे वागणं समजायला आपल्या घरातली चहाची किटली पुरते. पाणी उकळायच्या आधी जो आवाज येतो तो बुडबुड्यांचाच. प्रत्येक बुडबुड्याला त्याच्या आकाराप्रमाणे ठरलेला एक सूर असतो. १९३३ मध्ये मिनार्ट नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने वाहत्या पाण्याच्या खळखळाटावर निबंध लिहून हे गणितात बसवलं. खगोलशास्त्रज्ञाला ओढ्याचा नाद का लागला असेल कोण जाणे. पण निसर्गाची मेहरबानी अशी की फुप्फुसातून पार होण्याइतका लहान बुडबुडा ज्या सुराला थरथरतो, तो सूर नेमका आमच्या सोनोग्राफी मशीनच्या पट्टीत येतो. हळू आवाजात तो नुसता फुगतो-आकसतो आणि आम्हाला लख्ख दिसतो. आवाज वाढवला तर फुटतो.

आवाज किती, ते मशीनच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. मेकॅनिकल इंडेक्स म्हणतात त्याला, पडद्यावर 'एमआय' अशी दोन अक्षरं आणि पुढे आकडा. तपासणीच्या मशीनला १.९ च्या वर जायची परवानगी नाही. बुडबुडे रक्तात असताना आम्ही ०.१ च्या खाली ठेवतो, माझ्याकडे बहुतेक वेळा ०.०६ ते ०.०८ असतो. मध्येच क्षणभर आवाज वाढवून आम्ही पडद्यावर दिसणाऱ्या भागातले बुडबुडे मुद्दाम फोडतो आणि नवे कसे भरतात ते बघतो. बाबांबरोबर तुम्ही खोलीत असाल तर तो आकडा स्वतः वाचा. मला विचारणारे नातेवाईक मला आवडतात.

पण बुडबुडे आणि जोरदार आवाज एकत्र आले की काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. उंदरांच्या मूत्रपिंडावर तपासणीच्याच मशीनने, पण वरच्या पट्टीतल्या आवाजाने प्रयोग केले तेव्हा केशवाहिन्या फुटून बारीक रक्तस्राव दिसला. मेंदूबाबतही २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या गटाने दाखवलं की उंदरांत ही भिंत उघडल्यावर मेंदूत जंतूंशिवायची सूज येते. त्यावर टोरांटोच्या गटाने त्याच वर्षी उत्तर दिलं की ती सूज बुडबुड्यांच्या मात्रेवर अवलंबून आहे, दहापट मात्रा दिली तर येते, माणसांत वापरतात त्या मात्रेला तशी येत नाही. हा वाद अजून भिंत उघडण्याच्या उपचारापुरता जिवंत आहे आणि तो असायलाच हवा.

याहून जुना एक धडा आहे. मेंदूतली गुठळी विरघळवायच्या औषधाबरोबर बाहेरून ध्वनिलहरी दिल्या तर गुठळी लवकर फुटेल, या आशेने जर्मनीत ३०० किलोहर्ट्झचा प्रयोग झाला. त्यात बुडबुडे नव्हते. २६ रुग्णांनंतर तो थांबवावा लागला. फक्त औषध घेतलेल्या १२ पैकी ५ जणांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा होत्या, ध्वनिलहरी मिळालेल्या १४ पैकी १३ जणांच्या. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. नंतर दोन मेगाहर्ट्झच्या तपासणी-लहरींबरोबर बुडबुडे देऊन पाहिले, तेव्हा पहिल्या मात्रेच्या गटात ठीक चाललं, पण वाढीव मात्रेच्या गटात ११ पैकी ३ जणांना लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव झाला आणि तोही प्रयोग थांबला. म्हणून ताजा झटका, गुठळी फोडायचं औषध आणि डोक्यावर प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग) हे तिन्ही एकत्र असतील तर मी दहादा विचार करीन.

बाबांच्या बाबतीत यातलं काय लागू होतं? झटका दोन वर्षं जुना, गुठळी फोडायचं औषध चालू नाही, आणि प्रोब उजव्या बरगड्यांखाली. तीन मेगाहर्ट्झचा आवाज शरीराच्या मऊ भागातून ४० सेंटिमीटर जाईपर्यंत त्याचा ढोबळ हिशोबाने दहा लाखावा हिस्सा उरतो. आणि वाटेत फुप्फुसं आहेत, म्हणजे हवा. सोनोग्राफीचा आवाज हवेपुढे हात टेकतो, पोटात गॅस असला की आम्ही कुरकुरतो ते उगाच नाही. मेंदूत बुडबुडे पोचतील, पण त्यांना हलवणारा आवाज तिथे नसेल. नुसता बुडबुडा लाल पेशीसारखा येतो आणि जातो. डोक्यावरच प्रोब ठेवून, कानाजवळच्या पातळ हाडातून, नेहमीच्या तपासणी-वारंवारतेने बुडबुड्यांसह मेंदूची चित्रं घेतलेल्या लोकांचे एमआरआयही जर्मन अभ्यासकांनी केले आहेत. त्यांत भिंत उघडल्याचं दिसलं नाही.

विषय निघालाच आहे तर तान्ह्या बाळांबद्दल दोन वाक्यं, कारण हा प्रश्न मला दुसऱ्या एका आईने विचारला होता. बाळाची टाळू भरलेली नसते, तिथे हाड नाही, त्यामुळे आवाज गाळणारी कवटीही नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूचा रक्तपुरवठा टाळूतून बुडबुड्यांनी पाहण्याचं काम परदेशात मोजक्या केंद्रांत चालतं. तिथे आवाज अगदी खालच्या पट्टीत ठेवणं ही अटच. मी स्वतः ते करत नाही आणि ज्याने ते शिकलेलं नाही त्याने करू नये. मुलांच्या लिव्हरसाठी मात्र अमेरिकेत २०१६ पासून रीतसर मान्यता आहे.

साठून राहण्याबद्दल फार लिहायला नको. एमआरआयमध्ये देतात ते गॅडोलिनियम हा धातू आहे. २०१४ मध्ये जपानच्या तोमोनोरी कांदा यांनी दाखवलं की वारंवार ही डाय घेतलेल्यांच्या मेंदूतल्या ठरावीक केंद्रांत त्याच्या खुणा राहतात. जुन्या, सैल बांधणीच्या डायमध्ये हे जास्त होतं, म्हणून २०१७ मध्ये युरोपने त्यांतल्या बहुतेकांचा वापर थांबवला. त्या साठण्याने आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण धातू राहतो हे खरं. आपल्या बुडबुड्यात धातूही नाही, आयोडीनही नाही. ८० टक्क्यांहून जास्त वायू दोन मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो, पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा. कवचाची चरबी शरीर इतर चरबीसारखीच पचवतं. किडनीवर भार नाही, म्हणून तर बाबांना हे सुचवलंय. स्मरणशक्तीबद्दलचं उत्तर यातच आलं. लिव्हरच्या तपासणीसाठी दिलेल्या या इंजेक्शनाने विसराळूपणा येण्याचा कुठला मार्गच मला दिसत नाही, आणि माझ्या इतक्या वर्षांत तशी तक्रार घेऊन कोणी परत आलेलं नाही.

जाता जाता, क्रिएटिनिन २.६ म्हणजे एमआरआयची दारं कायमची बंद, असंही नाही. घट्ट बांधणीच्या नव्या डाय अशा किडनीतही विचारपूर्वक देता येतात. बुडबुड्यांच्या तपासणीत निदान लागलं नाही तर तो रस्ता उरतो. नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारा.

आता चौथी गोष्ट. तुम्ही मेंदूच्या काळजीत आहात आणि मी सुई टोचल्यावर घड्याळाकडे बघत असतो. या इंजेक्शनाचा खरा धोका आहे अ‍ॅलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रिया, आणि ती आलीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते.

सहा-सात वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एका बाईंना मी हे दिलं. दुसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कमरेत कसंतरी होतंय." मग शिंका, मग चेहरा लाल, आणि ब्लडप्रेशर वरचं ७०. मांडीत अ‍ॅड्रिनलिन दिलं, पाय उंच केले, सलाईन मोकळं सोडलं. वीस मिनिटांनी त्या उठून बसल्या आणि घरी कोणी कळवलंय का म्हणून विचारू लागल्या. माझेच हात नंतर तासभर थंड होते. एवढ्या वर्षांत तशी ती एकच. ती निभावली कारण अ‍ॅड्रिनलिन हाताशी होतं आणि शिरेतली सुई अजून काढली नव्हती.

हे किती वेळा होतं? इटलीत २३,१८८ पोटाच्या तपासण्यांचा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. त्यात एकूण २९ जणांना काही ना काही त्रास झाला, गंभीर दोघांना, मृत्यू एकही नाही. म्हणजे गंभीर प्रकार दहा हजारांत एकाच्या आसपास. तुलनेला, जपानच्या १९९० मधल्या मोठ्या पाहणीत सीटीच्या नव्या आयोडीन-डायने तीव्र प्रतिक्रिया दहा हजारांत चार आणि जुन्या डायने बावीस होत्या. दोन पाहण्यांची मोजपट्टी एक नाही, तेव्हा आकडे शेजारी ठेवून फार ताणू नका, पण अंदाज येतो.

मृत्यूबद्दलही तुमच्या वाचनात येईल, म्हणून सांगून ठेवतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएने या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण इंजेक्शननंतर अर्ध्या तासाच्या आत काही मृत्यूंच्या नोंदी आल्या होत्या. हृदयरोगतज्ज्ञ चवताळले. त्यांचं म्हणणं, ज्यांना हे इंजेक्शन देतो ते आधीच अत्यवस्थ असतात, त्यांच्यातले काही कसेही दगावतातच. मग दवाखान्यात भरती असलेल्या लाखो रुग्णांच्या टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, नोंदी तपासल्या. त्याच दिवसाचे मृत्यू इंजेक्शन मिळालेल्यांत १.०८ टक्के, न मिळालेल्यांत १.०६. मे २००८ मध्ये एफडीएने बरेच निर्बंध सैल केले. इशारा मात्र ठेवला, आणि मला ते योग्य वाटतं. इशाऱ्याचा कागद भिंतीवर असला की अ‍ॅड्रिनलिनची तारीख कोणीतरी तपासतं.

म्हणून बाबांच्या बाबतीत मी कशावर अडेन ते सांगतो. हृदयविकाराचा झटका नुकताच आलेला असेल, दम लागून झोपता येत नसेल, फुप्फुसातलं प्रेशर फार वाढलेलं असेल, तर मी तपासणी पुढे ढकलीन किंवा हृदयाचे डॉक्टर शेजारी उभे करीन. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर हे इंजेक्शन देणार नाही. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पाण्यात मिसळून लिटरभर प्यायला लावतात ती पोट साफ करायची पावडर म्हणजे मुख्यत्वे हाच पदार्थ. परदेशातल्या नातेवाइकांनी घेतलेल्या फायझर-मॉडर्नाच्या लशीतही तो पदार्थ आहे. सोनोव्ह्यूच्या पावडरीतही आहे, आणि २०२१ पासून अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तसा स्पष्ट मज्जाव आला. बाबांना ती पावडर पिऊन कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, एवढं आठवून पाहा. सिकलसेल असेल तर अंगदुखीचा झटका उठू शकतो. विदर्भात गडचिरोलीकडे आणि खानदेशात नंदुरबारकडे काम करणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे विचारायला आवर्जून सांगतो, कारण छापील फॉर्मवर हा प्रश्न बहुधा नसतो.

आणि एक बारीक पण उपयोगी गोष्ट. बाबांना ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ती आपणहून बंद करू नका, पण तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. प्रतिक्रिया आलीच तर अशा माणसात अ‍ॅड्रिनलिनचा असर कमी पडतो आणि आम्हाला दुसरं औषध तयार ठेवावं लागतं. झटक्यानंतर दिलेली रक्त पातळ करायची गोळीही या तपासणीसाठी थांबवायची नसते. पुढे गाठीतून सुईने तुकडा काढायचं ठरलं तर ती वेगळी चर्चा, ती तेव्हा.

तपासणी कितपत उपयोगी ठरेल हे मात्र गाठ कुठे आहे आणि करणारा कोण यावर आहे. गाठ डायफ्रॅमच्या खाली लपलेली असेल, बाबांचं पोट सुटलेलं असेल किंवा लिव्हरमध्ये चरबी खूप असेल तर चित्र धूसर येतं. चांगलं दिसलं तर पाच-सहा मिनिटांत बरंच कळतं. कडेकडेने गोट्यांसारखे बुडबुडे भरत आत गेले तर बहुधा रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. आधी झपाट्याने उजळून मिनिटानंतर हळूहळू काळवंडली, आणि लिव्हर आधीच सिरॉसिसचं असेल, तर गंभीरपणे घ्यावं लागतं. म्हणून केंद्र निवडताना एकच विचारा: महिन्याला अशा किती तपासण्या करता? एखाद-दुसरी म्हणाले तर थोडं लांबचं केंद्र गाठा.

त्या दिवशी जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म, झटक्याच्या वेळचा एमआरआय, टू-डी इकोचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. नुसती चिठ्ठी नको, तिच्यावरची नावं कोणाला वाचता येत नाहीत. तपासणी झाल्यावर बाबा म्हणतील, झालं ना, चला घरी, मला भूक लागलीय. त्यांना अर्धा तास तिथेच बाकावर बसवा, आणि तोवर हातातली सुई काढू देऊ नका.